पाणी सगळ्यांचं

त्या खाडीचा पत्ता त्यांना मीच दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर राग काढणार आहे त्यांत मी स्वतःलाही धरलंय हे लक्षात राहील.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आम्हाला चौदा वर्षं झाली. मी फार्मसीत, नवरा एका ऑइल कंपनीच्या आयटी खात्यात, मुलगी आठवीत. घरून दीड तास गाडी हाणली की रिफायनऱ्यांची धुराडी मागे पडतात, दोन्ही बाजूंना दलदलीतलं उंच गवत लागतं आणि रस्ता संपतो तिथे एक लहानशी खाडी आहे. तिच्या काठावर व्हिएतनामी बौद्धांचं विहार. ह्यूस्टनच्या आसपास आम्ही महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं वीस-पंचवीस असू, पण आमचं स्वतःचं विहार नाही. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला ते लोक आपला हॉल आम्हाला देतात. त्यांची वंदना त्यांच्या भाषेत होते, आमची पालीत, जेवण मात्र एका पंगतीला.

विहाराच्या मागून सिमेंटच्या सहा पायऱ्या पाण्यात उतरतात. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून मूठभर दाणे टाकले की आधी पाणी तांबूस दिसायला लागतं आणि मग हलायला. ते रेडफिश असतात. हातभर लांबीचे, तांब्याच्या रंगाचे, शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका. टेक्ससचे लोक या माशापायी वेडे आहेत, पहाटेपासून बोटी घेऊन त्याच्यामागे फिरतात. इथे तो पायरीला तोंड लावून उभा राहतो आणि बोट पाण्यात बुडवलं तर बोटाला घासून जातो, कारण कित्येक वर्षांत या खाडीत कुणी गळ टाकलेला नव्हता.

हा नियम सरकारचा नाही. ज्यांनी विहार बांधलं ते सगळे कोळंबी धरणारे लोक होते, त्यांचा आहे. आयुष्यभर जाळं टाकून पोट भरलं, तर निदान एवढ्या पाण्यात कुणाला मारायचं नाही, असं त्यांनी बुद्धासमोर बसून ठरवलं. म्हणजे दिवसभर बाहेरच्या मोठ्या उपसागरात कोळंबी धरायची आणि संध्याकाळी इथे येऊन माशांना दाणे टाकायचे. मला यात गंमत वाटायची. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी एकदा तसं विचारलं. तरुणपणी इथल्या काही गोऱ्या लोकांनी त्याची बोट जाळली होती; त्याने दुसरी बांधली आणि त्याच धक्क्यावर नेऊन लावली. आता त्याची बोटं वळत नाहीत, म्हणून तो पायऱ्यांजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत दाण्यांची बादली घेऊन बसतो. तुटक्या इंग्रजीत तो म्हणाला, "सगळं पाणी सोडलं तर आम्ही मरू. कुठलंच पाणी सोडलं नाही, तरी मरूच."

माझी आई गेल्यानंतर आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय शहात्तर. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि टेक्निशियन म्हणून रिटायर झाले. पाय दुखतात म्हणून काठी, पण खांबावर चढायचं असल्यासारखे अजूनही प्रत्येक खांबाकडे मान वर करून बघतात. मला वाटलं, विहारात नेलं की त्यांचं मन रमेल. चहा, वंदना, खाडीचा वारा. मुलीने पायरीवर बसून दाणे टाकले, मासे आले, आणि मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, आबा, यांना इथे पवित्र मानतात, कुणी हात लावत नाही.

आबा वरच्या पायरीवर उभे होते. ते वळले आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

परत येताना अर्धा रस्ता ते खिडकीतून खांब बघत होते. मग सांगायला लागले. मी त्यांची मुलगी, पंचेचाळीस वर्षांची, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या गावाला नदी आहे आणि देवळाखाली नदीचा एक खोल कोंड आहे, त्यात देवाचे मासे. गावचे लोक त्यांना लाह्या-चुरमुरे घालत. आबा तेव्हा नऊ वर्षांचे, घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म घेतला होता, घरातले देव नदीत सोडले होते. आमच्या लोकांनी कोंडाच्या खालच्या अंगालाच पाणी भरायचं, हा नियम मात्र तसाच होता. शाळेतून येताना आबांनी वरून कोंडात डोकावलं आणि फडक्यातली उरलेली भाकरी माशांना टाकली. मासे आले, खाल्ली त्यांनी. देवळातल्या एकाने ते पाहिलं. निरगुडीच्या ओल्या काठीने त्याने आबांना इतकं मारलं की ते दोन दिवस पालथे झोपले. कारण आमच्या घरच्या भाकरीने मासे बाटले होते. दुसऱ्या दिवशी मासे शुद्ध करायला कोंडात गोमूत्र शिंपडलं.

"माशाला हात लावायचा नाही, कारण तो पवित्र," आबा म्हणाले. "आम्हाला हात लावायचा नाही, कारण आम्ही अपवित्र. माझ्यापुढे त्या शब्दाचं नाव काढू नको, बाय."

मुलगी मागच्या सीटवर होती. तिने इंग्रजीत विचारलं, फिशला प्युरिफाय केलं, सीरियसली? आबांना प्रश्न कळला. ते म्हणाले, हो, सिरियसली.

तरी पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, त्या म्हाताऱ्यासाठी. न वळणाऱ्या बोटांनी तो बादली कशी उचलतो ते आबांनी पाहिलं होतं. हॉलमधला माइक महिनाभर खरखरत होता, आबांनी तो उघडला, एक तार कापून पुन्हा जोडली आणि तो बोलायला लागला. म्हातारा खूश. आबांनी त्याचं नाव ठेवलं तांडेल. आमच्याकडे होडीच्या मुख्याला तांडेल म्हणतात. त्यानंतर दर रविवारी दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसत, एक व्हिएतनामीत बोले, एक मराठीत, आणि अडलं की मला हाक मारत. पाण्यातून उडी मारणारा बारका चंदेरी मासा पाहून आबा म्हणत, बोय आहे, आमच्याकडचीच. दाणे मात्र त्यांनी कधी टाकले नाहीत. विहारातल्या मोठ्या भिक्षुणींनी, त्यांना आम्ही आर्याजी म्हणतो, एकदा त्यांच्यापुढे बादली धरली तेव्हा त्यांनी हात जोडून नको म्हटलं. आर्याजींनी कारण विचारलं नाही.

आता ते गृहस्थ. मूळचे पुण्याचे, नवऱ्याच्याच कंपनीत मोठ्या पदावर. नवऱ्याला ही नोकरी त्यांच्या रेफरलने लागली. माझी मुलगी त्यांना काका म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरती त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. चतुर्थी पाळतात, सोमवारी-गुरुवारी मासे खात नाहीत, बाकीच्या दिवशी खातात आणि स्वतः धरलेले असतील तर जास्त आवडीने खातात. दारात मोटारबोट उभी असते. वाईट माणूस म्हणता येणार नाही. आमची मुलगी झाली तेव्हा त्यांच्या बायकोने पंधरा दिवस डबा पाठवला होता. हे मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाही याचाही मला राग येतो.

त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना बोटीचा विषय निघाला आणि मी खाडीबद्दल सांगितलं. मासे कसे पायरीशी येतात, कसे घाबरत नाहीत, सगळं अगदी रंगवून. ते लक्ष देऊन ऐकत होते. किती खोल आहे, बोट उतरवायचा रॅम्प किती लांब, समुद्राच्या बाजूने तोंड उघडं आहे का, असं विचारत होते. मला वाटलं, माणूस भाविक आहे, दर्शनाला जायचं म्हणतोय. मी फोनवर नकाशा उघडून जागा दाखवली. तीन आठवड्यांनी, मेमधल्या एका शनिवारी, ते आले.

त्या दिवशी आम्ही बुद्धपौर्णिमेच्या तयारीला गेलो होतो. मी आतमध्ये पताका लावत होते. आधी इंजिनाचा आवाज आला, मग तांडेलचा. तो कधी आवाज चढवत नाही म्हणून मी धावत मागे गेले. बोट पायऱ्यांपासून वीस-पंचवीस हातांवर थांबली होती. तीत चौघे, सगळे मंडळातले, उन्हाच्या टोप्या घातलेले. तांडेल उभा राहून दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवत होता. बोटीतल्या एकाने हसून त्याला हात केला. त्याला वाटलं, म्हातारा हॅलो म्हणतोय. मग तांडेलने आणि मागे आलेल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी हात जोडले.

आणि मासे बोटीकडे निघाले होते. ते मला अजून डोळ्यांपुढून जात नाही. माणसं आली म्हणजे दाणे येणार, एवढंच त्यांना ठाऊक. चार गळ पडले, चारही दांड्या वाकल्या. पहिला मासा वर ओढला, त्याचा फोटो काढला, बर्फाच्या पेटीत टाकला, तरी बाकीचे बोटीभोवतीच. गळाला आमिष लावायचीही गरज नव्हती.

मी चपलांसकट खालच्या पायरीवरून पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. मला ओळखून ते म्हणाले, अरे वहिनी, तुम्ही इथे, वा. मी त्यांना थांबायला सांगितलं. इथे मारत नाहीत हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, असंही म्हटलं. ते अजिबात रागावले नाहीत. समजावून सांगितलं, जसं मीटिंगमध्ये ज्युनियरला सांगतात तसं. भरतीचं पाणी सरकारी असतं, टेम्पलची मालकी काठापर्यंत, सगळ्यांकडे लायसन्स आहे, माणशी परवानगी आहे तेवढेच धरतोय, एकही जास्त नाही. मी सगळं चेक केलंय, वहिनी.

मी म्हटलं, चेक काय करायचं त्यात, ते म्हातारे हात जोडतायत ते दिसत नाही का?

तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अहो, हे पब्लिक वॉटर आहे. पाणी सगळ्यांचं, हे तर तुमच्या लोकांनीच जगाला शिकवलं ना?"

तुमच्या लोकांनी. चौदा वर्षांत त्यांनी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. आम्ही त्यांच्या देवघरासमोर बसून जेवलो होतो, आरतीला टाळ्या वाजवल्या होत्या, चौदा एप्रिलला आमच्याकडे काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी समजत होते की त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही. तसं नव्हतं. त्यांनी ते नीट जपून ठेवलं होतं, आणि हवं तेव्हा बरोबर हाताला आलं. बोटीतले दोघे हसले. तिसरा, नागपूरचा एक तरुण, आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला संताप आला, आणि वर त्यांचं म्हणणं क्षणभर मला खरंही वाटलं. पाण्यावरून माणसांना हाकलणारे कोण, हे तर मी आबांच्या तोंडून ऐकलंच होतं. मग मी इथे पायरीवर उभी राहून काय करत होते?

मागून काठीचा आवाज आला. आबा एकेक पायरी उतरत माझ्या शेजारी आले. ते ओरडले नाहीत, पण टेलिफोनवर लांबच्या लाइनवर बोलायचे तसं सावकाश, खणखणीत बोलले.

"आम्ही पाणी मागितलं ते प्यायला. मारायला नाही. तिथे आम्हाला येऊच देत नव्हते. इथे कुणालाही येऊ देतात, बसवतात, चहा देतात. मारू नका एवढंच म्हणतात. यातला फरक तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्हाला तो सोयीचा नाही."

ते गृहस्थ म्हणाले, काका, तुम्ही गैरसमज करून घेताय, मी आदरानेच बोललो. मग त्यांनी गळ गुंडाळले. कदाचित माणशी मासे पुरे झाले असतील. हा मासा पाण्याबाहेर काढला की पोटातून ढोल वाजवल्यासारखा आवाज करतो. बोट वळून जाईपर्यंत बर्फाच्या पेटीतून तो आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो आला. ताटात तळलेल्या तुकड्या, बाजूला सोलकढी, खाली 'टेक्ससमध्ये कोकण' असं लिहिलेलं आणि बेचाळीस इमोजी, जोडलेले हात, बदाम, जिभल्या चाटणारे चेहरे. मी लिहिलं की हे मासे एका विहाराच्या खाडीतले आहेत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी हात जोडून नको म्हटलं असताना धरलेले आहेत, आणि आम्ही विचारलं तेव्हा 'तुमचे लोक' असं ऐकावं लागलं. एवढंच, तीन ओळी. शिवी नाही, नाव नाही.

उत्तरं आली. चिल यार, लीगल आहे ना. फिश इज फिश. एक जण म्हणाला की बौद्ध लोक स्वतः नॉनव्हेज खातात, मग हे काय. एकीने मला वेगळा मेसेज पाठवला की मला तुझं पटतं, पण ग्रुपवर लिहू शकत नाही. आणि शेवटी अॅडमिनने लिहिलं की हा कल्चरल ग्रुप आहे, कृपया इथे जातीचा विषय आणू नये. बोटीवर तो विषय कुणी आणला होता ते मी लिहीपर्यंत ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली होती.

संध्याकाळी नवऱ्याशी भांडण झालं. तो नागपूरचा, माझ्यापेक्षा पक्क्या चळवळीच्या घरातला. मला वाटत होतं, तो फोन उचलेल आणि बोलेल. तो ओटा पुसत म्हणाला की जाऊ दे, ग्रीन कार्ड कंपनीकडेच अडकलंय, त्याने जोक केला असेल. मी म्हटलं, तुला नाही लागला तो जोक? बराच वेळ त्याचं फडकं एकाच जागी फिरत राहिलं.

"मला रोज लागतो," तो म्हणाला. "मी मोजत बसत नाही."

मी त्याच्यावर भयंकर चिडले, आणि ते अजून पूर्ण उतरलेलं नाही.

पुढच्या रविवारी विहारात गेलो. तांडेल खुर्चीत बसला होता, दाणे टाकत होता, दाणे पाण्यावर तसेच तरंगत होते. एकही मासा नाही. मी त्याची माफी मागायला लागले, तर त्याने हात हलवून मला गप्प केलं. म्हणाला, तो माणूस आयुष्यात जेवढे मासे धरेल तेवढे मी एका आठवड्यात मारलेत, त्याच्यावर मी कोणत्या तोंडाने रागावू? येतील पुन्हा. मला त्याच्या शांतपणाचाही राग आला. तुझी बोट जाळली तेव्हाही तू असाच होतास का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो म्हणाला, "नाही. तेव्हा मी तीन वर्षं उशाखाली कोयता घेऊन झोपत होतो."

मी हे आबांना मराठीत सांगितलं. आबा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, त्याला सांग, माझंही एक राहिलंय सांगायचं. कोंडाची गोष्ट मी त्याला आधी सांगितली होती, काठीपर्यंतची. त्यापुढची मलाही माहीत नव्हती. मार खाल्ल्यानंतर आठवड्याने, पाठ बरी झाल्यावर, आबा एका दुपारी कोंडावर गेले. बरोबर भाकरी आणि तारेचा वाकवलेला गळ. मासे त्यांच्या हातातली भाकरी बघून आले, जसे खाडीतले बोटीकडे आले तसेच. एक मोठा धरला, दगडाने मारला, सदऱ्यात गुंडाळून घरी आणला. त्यांच्या आईने कुठून आणलास हे विचारलं नाही. दार लावून रांधला आणि सगळ्यांनी खाल्ला.

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता.

"मला त्यांच्यावर सूड घ्यायचा होता," आबा म्हणाले. "पण तो मासा काही त्यांचा नव्हता. त्याने तर माझी भाकरी खाल्ली होती. गावात तेवढ्या एकानेच खाल्ली."

तांडेलने विचारलं, चव कशी होती?

"चांगली," आबा म्हणाले. "तोच तर त्रास आहे."

जरा वेळाने आबांनी हात पुढे करून बादलीतले मूठभर दाणे घेतले आणि पाण्यात टाकले. त्या दिवशी काही मासा आला नाही.

विहाराच्या लोकांनी सरकारी खात्यात विचारून पाहिलं. आलेला अधिकारी सभ्य होता, त्याने टोपी काढून हातात धरली आणि सांगितलं की पाण्यावर बंदी घालता येणार नाही, काठावर विनंतीची पाटी लावता येईल. मग इंग्रजीत आणि व्हिएतनामीत पाटी करायची ठरली. आबा म्हणाले, चोर मराठी आहेत, पाटी मराठीतच हवी. मला वाटलं ते चेष्टा करतायत, पण त्यांनी शेडमधून फळी काढली, घासली, आणि परतायच्या आधीच्या दोन रविवारी पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं काढली, टेलिफोन खात्याच्या बोर्डावर असायची तशी सरळ, टोकदार: 'येथे मासे मारू नयेत.' समुद्राच्या बाजूने येणाऱ्याला दिसेल अशी ती इंग्रजीच्या शेजारी खांबावर ठोकली. टेक्ससच्या किनाऱ्यावर मराठी पाटी दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

आबा जूनअखेर परत गेले. पाटीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो फिरत फिरत मंडळात पोहोचला. त्या गृहस्थांच्या बायकोचा मला फोन आला, डबे पाठवणाऱ्या त्याच. आवाज नेहमीसारखा मऊ. त्या म्हणाल्या की झालं गेलं सोडून देऊ, गणपतीत मुलीचं लेझीम ठेवलंय, पण ती पाटी तेवढी काढायला सांग, मराठी माणसाचं नाव खराब होतं. मी विचारलं, नाव पाटीने खराब होतं की माशांनी? त्या म्हणाल्या, तू फार कडवट झाली आहेस. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. लेझीम कॅन्सल केलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिच्या मैत्रिणी होत्या त्यात. तो राग तिने माझ्यावर काढला आणि तिचं चुकलं नाही.

ऑगस्टमध्ये थोडे मासे पायऱ्यांशी यायला लागले. पूर्वीसारखे नाहीत, दाणे उचलतात आणि लगेच मागे सरतात. त्याच सुमारास आर्याजींनी मला बोलावून मराठी पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की चांगलं आहे, पण खाली आणखी एक ओळ लिही: आलात तर बसा, चहा घ्या. इंग्रजी आणि व्हिएतनामी पाट्यांवर ती आहे, मराठीतच का नाही?

मी नाही म्हटलं. त्यांच्यासमोर मी कधी एवढ्या जोरात बोलले नव्हते. म्हटलं, त्या माणसांना मी माझ्या अक्षरात चहाला बोलावणार नाही. त्यांनी तुमच्या दारात येऊन मारलं, माझ्या तोंडावर हसले, आणि त्यांना कसलंच काही वाटलेलं नाही. आर्याजींनी सगळं ऐकलं, वाद घातला नाही, ब्रश ठेवून आत गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन शेवयांचा टोप घासायला घेतला. तासाभराने बाहेर आले, तर माझी मुलगी शिडीवर उभी होती आणि लिहून झालं होतं. तिचं मराठी शनिवारच्या शाळेतलं. 'आलात तर बसा, चाहा घ्या.'

मी तिला म्हटलं, चहा चुकलाय. ती म्हणाली, "देन यू फिक्स इट, आई." मी केला नाही. तो चुकीचा चहा तसाच आहे.

ते गृहस्थ अजून आलेले नाहीत. कुणी सांगतं की ते आता दुसऱ्या बाजूला, लांब, मासे धरायला जातात. उद्या आले आणि बसले, तर विहाराचे लोक त्यांना चहा देतील याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या कुणीतरी द्यावा. मी देणार नाही.